पाटलिपुत्र कोठे पाहावे? : पाटणा नगरीतील संग्रहालये व स्मारके यांची एक समीक्षा

महाराष्ट्रातून बौद्ध तीर्थस्थळांच्या दर्शनासाठी निघणाऱ्या यात्रांची छापील कार्यक्रमपत्रिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्यातील पाटण्याचे स्थान ठाऊक असेल. बुद्धगया, राजगृह, नालंदा, वैशाली, कुशीनगर ही नावे ठळक अक्षरांत असतात. पाटण्यासमोर 'रात्रीचा मुक्काम' एवढाच शेरा असतो. आमच्या हाती आलेल्या अशाच एका पत्रिकेत तर पाटण्यापुढे 'भोजन व खरेदी' असे लिहिलेले होते. ज्या नगरीतून सम्राट अशोकाने जंबुद्वीपाचा राज्यकारभार केला, सिंहली बखरींच्या परंपरेनुसार जेथे मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी धम्मसंगीती भरली आणि महेंद्र-संघमित्रांच्या धम्मकार्याची सूत्रे जेथून हलली, ती नगरी धम्मयात्रेत भोजनापुरती उरावी, हे आम्हांस खटकले. परंतु केवळ खटकून भागत नाही. पाटण्यास थांबलेल्या उपासकाने तेथे नेमके काय पाहावे, आणि जे पाहावयास ठेवलेले आहे ते कोणत्या दृष्टीने मांडलेले आहे, याचा विचार केल्याशिवाय पत्रिका छापणाऱ्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सांची येथे स्तूप उभा आहे, नालंदा येथे विहारांच्या भिंती उभ्या आहेत. पाटण्यात तसे काही उभे नाही. प्राचीन पाटलिपुत्र हे प्रामुख्याने लाकडाचे नगर होते. मेगॅस्थिनीसच्या वृत्तांतावरून ग्रीक लेखकांनी जे लिहून ठेवले त्यात या नगराच्या लाकडी तटबंदीला ६४ दरवाजे व ५७० बुरूज असल्याचा उल्लेख आहे. लाकूड जळते, कुजते आणि ज्या नगरावर गंगा, शोण व गंडक या तिन्ही नद्यांची नजर आहे तेथे ते गाळाखाली जाते. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगामी तटबंदीचे काम चालू असताना भगवान बुद्धांनी या नगराच्या भावी वैभवाबरोबरच त्याला असलेली तीन भये सांगितली आहेत : अग्नी, पाणी आणि अंतर्गत फूट. सुनीध व वस्सकार हे मगधाचे महामात्य त्या वेळी वज्जींना अडविण्यासाठी तट बांधीत होते. भगवान ज्या दरवाजाने बाहेर पडले त्याला गौतमद्वार व ज्या ठिकाणी गंगा ओलांडली त्याला गौतमतीर्थ हे नाव पडले, असे सुत्त सांगते. आज गंगेच्या काठी उभे राहून हे गौतमतीर्थ म्हणून बोट दाखविता येईल असे स्थळ नाही. नदीचे पात्रही तेथे राहिलेले नाही. म्हणून पाटणा पाहणे म्हणजे प्रामुख्याने संग्रहालये पाहणे व जमिनीखाली काय आहे याची कल्पना करणे होय. आणि म्हणूनच येथील संग्रहालयांवरची जबाबदारी अन्य नगरांतील संग्रहालयांपेक्षा मोठी आहे.

पर्यटकांसाठीच्या सर्वसाधारण पुस्तिकांत गोलघराला पहिला मान मिळतो. १७७० च्या दुष्काळानंतर धान्य साठविण्यासाठी कॅप्टन जॉन गार्स्टिनने १७८६ मध्ये पुरी केलेली ही घुमटाकार कोठी पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. गुरू गोविंदसिंगांचे जन्मस्थान असलेले तख्त श्री पटना साहिब तसेच १८९१ मध्ये लोकांस खुले झालेले खुदाबख्श ग्रंथालय यांची थोरवी आम्ही सांगावी असे नाही. ज्यांच्या हाती दोन दिवस आहेत त्यांनी ती अवश्य पाहावीत. आमच्या विषयाचा प्रारंभ मात्र पाटणा जंक्शनच्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरवर, कुम्हरार येथे होतो.

कुम्हरारला जाणाऱ्याने अपेक्षा आवरून जावे. तेथे एक उद्यान आहे. सकाळी लोक फिरावयास येतात, दुपारी विद्यार्थी झाडाखाली बसतात. एका छपराखाली चकचकीत झिलईचा एक प्रचंड पाषाणस्तंभ आडवा ठेवलेला आहे. येथे सापडलेल्या ऐंशी स्तंभांच्या सभागृहाचा प्रेक्षकाच्या डोळ्यांस दिसणारा अवशेष म्हणजे हा एवढाच. बाकीचे सभागृह प्रेक्षकाच्या पायाखाली आहे. भूगर्भातील पाण्याची पातळी वर येऊन उत्खनित भाग वारंवार पाण्याखाली जाऊ लागला, तेव्हा २००४-०५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तो माती व वाळू टाकून पुन्हा बुजविला. स्तंभ वाचविण्यासाठी ते पुरण्याखेरीज इलाज उरला नव्हता. २०२४ च्या अखेरीस काही स्तंभ पुन्हा उघडे करून त्यांची स्थिती तपासण्याचे काम खात्याने हाती घेतले. तीन भयांपैकी पाण्याचे भय अडीच हजार वर्षांनंतरही संपलेले नाही, हे पाहून श्रद्धाळू मनुष्य थबकेल. अभ्यासकाने मात्र इतक्यावर थांबू नये.

कारण कुम्हरारचे महत्त्व स्तंभांहून अधिक आहे. या स्थळाचा शोध हाच एक बोधप्रद इतिहास आहे. डॉ. वॅडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८९२ मध्ये पाटलिपुत्राची निश्चित जागा सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्या हातात चिनी प्रवाशांची वर्णने होती. फाहियान व ह्यूएन त्संग यांनी कोणत्या स्तूपापासून कोणत्या दिशेला काय आहे हे लिहून ठेवले नसते, तर पाटण्याच्या गल्ल्यांत पाटलिपुत्र शोधावयाचे कोणाच्या मनात आले असते? पुढे १९१२-१३ मध्ये डॉ. स्पूनर यांनी येथे उत्खनन केले; त्याचा खर्च सर रतन टाटा यांनी उचलला. स्पूनर यांना राखेच्या थराखाली ओळीने स्तंभांच्या जागा मिळाल्या. इराणातील पर्सिपोलिसच्या सभागृहाशी तिचे साम्य पाहून ते इतके भारावले की १९१५ मध्ये त्यांनी मौर्यांनाच जरथुष्ट्री ठरविणारा प्रबंध प्रसिद्ध केला! पुराव्यापेक्षा सिद्धान्त पुढे धावला म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांस आजही उपयोगी पडेल. खर्च करणारा पारशी असल्याने निष्कर्षही पारशी निघाला, असा विनोद त्या काळी झाला असल्यास नवल नाही. आम्हांस मात्र तो स्पूनर यांच्यावर अन्याय करणारा वाटतो, कारण साम्य खरोखरच डोळ्यांत भरणारे होते.

यानंतर १९५१ ते १९५५ या काळात काशीप्रसाद जायस्वाल संशोधन संस्थेच्या वतीने कुम्हरारचे उत्खनन पुन्हा झाले. त्याचे नेतृत्व करणारे संचालक डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे कोल्हापूरजवळच्या म्हाकवे गावचे. महाराष्ट्रातून पाटण्यास जाणाऱ्यांपैकी कितीजणांस हे ठाऊक असेल? राष्ट्रकूटांचा इतिहास, प्राचीन नाणी, प्राचीन भारतातील राज्यव्यवस्था या विषयांतील त्यांचे ग्रंथ विद्यापीठांत वाचले जातात. हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानावरील त्यांच्या ग्रंथाची कठोर चिकित्सा उमा चक्रवर्ती यांनी १९८८ मध्ये केली. वैदिक काळ हा स्त्रीचा सुवर्णकाळ मानण्याच्या त्यांच्या चौकटीला दिलेले ते आव्हान आम्हांसही पटते. परंतु ग्रंथातील आळतेकर व उत्खननातील आळतेकर यांत फरक आहे. उत्खननात त्यांची शिस्त वेगळी दिसते.

या उत्खननात ऐंशी स्तंभांचे सभागृह तर पूर्ण झालेच. परंतु आमच्या मते त्याहून मोलाचा शोध आरोग्यविहाराचा होय. गुप्तकालीन विटांची एक वास्तू मिळाली आणि तेथे 'श्रीआरोग्यविहारे भिक्षुसंघस्य' अशी अक्षरे असलेली मुद्रा सापडली. भिक्षुसंघाने चालविलेला, रुग्णांच्या शुश्रूषेला वाहिलेला विहार या ठिकाणी होता, असा अर्थ आळतेकरांनी लावला. धन्वंतरीचे नाव सूचित करणारे खापरही तेथेच मिळाले. आता हे फाहियानच्या वृत्तांताशी ताडून पाहावे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी फाहियान पाटलिपुत्रात तीन वर्षे राहिला, संस्कृत शिकला, विनयाच्या प्रती उतरवून घेतल्या. आणि या नगरात गरीब, अनाथ, व्याधिग्रस्त लोकांना फुकट औषधोपचार मिळणारी गृहे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. प्रवाशाचे लेखन आणि मातीतून निघालेली मुद्रा यांची अशी भेट इतिहासात क्वचित होते. ग्लानांची सेवा करणारा माझी सेवा करतो, या भगवंतांच्या उपदेशाचा अर्थ त्या काळचे भिक्षू कसा आचरीत होते, याचा पुरावा येथे जमिनीत आहे.

असे असताना कुम्हरारचे नाव काढताच सर्व पुस्तिका स्तंभांविषयी व राजसभेविषयी बोलतात, आणि आरोग्यविहार एका वाक्यात उरकतात. येथे आम्हांस मूलभूत मतभेद नोंदवावासा वाटतो. राजाचे सभागृह जेथे पाहावयाचे तेथे प्रेक्षक प्रजा होऊन जातो. आरोग्यविहार पाहावयाचा तर त्याला संघ, औषध, दान व रुग्ण यांचा विचार करावा लागतो. ते स्तंभ पुन्हा उघडे झाले किंवा न झाले, तरी त्या विटांच्या खोल्यांपुढे यात्रिकांस थांबवून ही हकीगत सांगण्यास भूजलाची अडचण नाही.

कुम्हरारहून परत शहराच्या मध्यभागी यावे. पाटणा संग्रहालयास लोक अजूनही 'जादूघर' म्हणतात. १९१७ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय १९२९ पासून ज्या इमारतीत आहे, त्या रस्त्याचे नावही बुद्धमार्ग आहे. यापासून फार दूर नाही असे दुसरे, बेली रोडवरचे बिहार संग्रहालय. त्याचा एक भाग २०१५ मध्ये व संपूर्ण दालने २०१७ मध्ये खुली झाली. जपानचे वास्तुविशारद फुमिहिको माकी यांनी ते मुंबईच्या सहकाऱ्यांसह आखले. त्याची मांडणी, प्रकाशयोजना, अंगणांची रचना हे सारे उत्तम आहे. भारतातील प्रांतिक संग्रहालयांबाबत आपण जी तक्रार नेहमी करतो, ती येथे करता येणार नाही. दोन्ही संग्रहालये जोडणाऱ्या भुयारी मार्गाचे कामही हाती घेण्यात आले.

तथापि दोन संग्रहालये झाली म्हणजे वस्तूंची वाटणी आली. ती कोणत्या तत्त्वावर व्हावी? १७६४ पूर्वीच्या वस्तू नव्या संग्रहालयात जाव्यात व नंतरच्या जुन्यात राहाव्यात, असे धोरण ठरले. १७६४ हे बक्सरच्या लढाईचे वर्ष. कंपनी सरकारच्या राज्याचा प्रारंभ म्हणून ते सोयीचे आहे, प्रशासनाला एखादी रेषा आखावीच लागते, हेही खरे. परंतु बौद्ध वारशाच्या दृष्टीने ही रेषा अगदी चुकीच्या जागी पडते, असे आमचे मत आहे. बिहारमधील बौद्ध शिल्पाचा इतिहास दोन वेळा घडला : एकदा ते घडविले गेले तेव्हा आणि पुन्हा एकदा ते सापडले तेव्हा. मधल्या सहा-सात शतकांत बुद्धमूर्ती कोठे शेतात पडली होती, कोठे देवीच्या नावाने शेंदूर लावून पूजली जात होती. तिला पुन्हा 'बुद्ध' हे नाव मिळाले ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकात. कनिंगहॅम, वॅडेल, स्पूनर, आळतेकर यांच्यामुळे. वस्तू एका इमारतीत व तिच्या शोधाचे शतक दुसऱ्या इमारतीत, अशी विभागणी केली की या दुसऱ्या जन्माची कथा सांगावयास कोणी उरत नाही. आणि आपणा नवबौद्धांना तर या दुसऱ्या जन्माशीच अधिक कर्तव्य आहे. तो झाला नसता तर १९५६ ची दीक्षाभूमी कोठून आली असती?

दोन उदाहरणे देतो. गया जिल्ह्यातील कुर्किहार येथे १९३० मध्ये दोनशेहून अधिक कांस्यमूर्तींचा निधी सापडला व त्यातील बहुतेक पाटणा संग्रहालयात आल्या. पालकालीन धातुकलेचा असा संच अन्यत्र दुर्लभ. कलारसिक त्यांतील अवलोकितेश्वरांच्या मुद्रा पाहून हरखतात, ते योग्यच आहे. परंतु अनेक मूर्तींच्या पीठांवर लेख आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आपणक विहाराचे नाव आहे आणि काही दाते थेट दक्षिणेतील कांचीहून आलेले आहेत. म्हणजे कांचीचा भिक्षू वा उपासक दीड हजार किलोमीटर चालत मगधात येऊन मूर्ती दान करून गेला. धम्मयात्रेच्या इतिहासात यापेक्षा बोलका पुरावा कोणता? कुर्किहारच्या मूर्ती पाहताना चेहऱ्याइतकेच पीठाकडे पाहावे, हा आमचा आग्रह आहे.

दुसरे उदाहरण महापंडित राहुल सांकृत्यायन यांच्या संग्रहाचे. १९२९ पासून १९३८ पर्यंत राहुलजींनी तिबेटच्या चार यात्रा केल्या. बर्फातून, खेचरांवर लादून त्यांनी ग्रंथ व थांका चित्रपट आणले, आणि जे आणता येईना त्या ताडपत्रांची छायाचित्रे घेतली. धर्मकीर्तीचे 'प्रमाणवार्त्तिक' संस्कृतात पुन्हा वाचावयास मिळाले, यात त्यांचा वाटा मोठा आहे. हा सर्व ठेवा त्यांनी पाटण्यास दिला. २०१७ मध्ये वस्तूंच्या स्थलांतराची चर्चा सुरू झाली, तेव्हा राहुलजींच्या कुटुंबीयांनी जाहीर हरकत घेतली होती. त्या वादातील सर्व मुद्द्यांचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु राहुलजींचा संग्रह १७६४ च्या अलीकडचा की पलीकडचा, हा प्रश्नच कसा निरर्थक आहे पाहा. पोथीतील ग्रंथ सातव्या शतकाचा, तिची प्रत अकराव्या-बाराव्या शतकाची, थांका त्याहून कितीतरी नंतरच्या, आणि त्या एकत्र आणणारा मनुष्य विसाव्या शतकाचा. या संग्रहाची एकता त्या मनुष्यात आहे. तो फोडता येत नाही. फोडल्यास उरतात त्या काही तिबेटी वस्तू.

बिहार संग्रहालयात सर्वांत मोठी गर्दी दीदारगंजच्या यक्षीपुढे असते. चुनार दगडाची, आरशासारखी झिलई असलेली, उजव्या हातात चवरी धरलेली ही पूर्णाकृती मूर्ती. डावा हात तुटलेला आहे. झिलईमुळे ती मौर्यकालीन मानली जाते, तर शैलीच्या आधारे तिला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत खाली आणणारेही कलेतिहासकार आहेत. आम्हांस हा दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. झिलई हे कसब आहे. एखाद्या राजवंशाबरोबर ते लुप्त झालेच असले पाहिजे असे नाही. परंतु आमचा मुद्दा काळाचा नाही. ही मूर्ती १९१७ च्या ऑक्टोबरात गंगेच्या काठी सापडली. सापाचा माग काढताना माती उकरली गेली आणि मूर्ती दिसली, अशी हकीगत नोंदलेली आहे. गावकऱ्यांनी तिला उचलून नेले, चार बांबूंवर छत घातले आणि पूजा सुरू केली. काही दिवसांतच प्राध्यापक व अधिकारी तेथे पोहोचले. ही चवरी धरणारी आहे, म्हणजे सेविका आहे, देवता नव्हे, असे गावकऱ्यांस सांगून मूर्ती संग्रहालयात हलविण्यात आली. शंभर वर्षांनी २०१७ मध्ये ती एका संग्रहालयातून दुसऱ्यात गेली.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. आळतेकरांनी १९५८ मध्ये वैशाली येथे एका जुन्या स्तूपाचे उत्खनन केले. मूळचा स्तूप मातीचा, लहानसा. नंतर विटांनी चार वेळा वाढविलेला. त्याच्या गर्भात दगडी करंडक मिळाला. त्यात राखमिश्रित माती, सोन्याच्या पत्र्याचा तुकडा, दोन काचमणी, एक लहान शंख व एक आहत नाणे होते. करंडकावर लेख नाही. तरीही मातीचा आद्य स्तूप, तो पूर्वी केव्हातरी खणून उघडल्याची खूण, आणि अशोकाने मूळचे स्तूप उघडून अस्थींची पुन्हा वाटणी केल्याची परंपरा, या तिन्हींचा मेळ घालून आळतेकरांनी हाच लिच्छवींचा, भगवंतांच्या आठव्या वाट्यावरचा स्तूप असावा, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. करंडक १९७२ मध्ये पाटणा संग्रहालयात आला व अनेक वर्षे तेथे राहिला. त्याच्या दर्शनासाठी वेगळे तिकीट होते. श्रीलंका, थायलंड, जपान येथून आलेले भिक्षू तिकीट काढून आत जात व काचेच्या पेटीपुढे वंदन करीत. जुलै २०२५ मध्ये वैशाली येथे नवा दगडी स्मृतिस्तूप व संग्रहालय यांचे उद्घाटन झाले आणि अस्थिकलश तेथे प्रतिष्ठित झाला.

म्हणजे १९१७ मध्ये शासनाने एक मूर्ती पूजेतून काढून संग्रहालयात नेली. आणि २०२५ मध्ये एक करंडक संग्रहालयातून काढून पूजेला दिला. पहिल्या वेळी प्राध्यापकांनी सांगितले की ही देवता नाही. दुसऱ्या वेळी कोणीही विचारले नाही की या अस्थी कोणाच्या. दोन्ही निर्णय शासनाचे, आणि दोन्ही वेळा मूळ प्रश्न जणू परस्पर सुटला, असे मानले गेले.

उपासक म्हणून आम्हांस वैशालीच्या प्रतिष्ठापनेचा आनंद आहे, हे स्पष्ट लिहितो. भगवंतांचा धातू तिकीट लावून दाखविण्याची वस्तू नव्हे. लिच्छवींनी ज्या भूमीत तो ठेवला, त्याच भूमीत तो परत जावा, हे न्याय्य आहे. तरी या आनंदात काही गमावले जात आहे, याची जाणीव ठेवणे अभ्यासकाचे कर्तव्य होय. काचेच्या पेटीजवळ उभे राहून 'लेख नाही, मग कशावरून?' असा प्रश्न विचारता येत होता. कालामांना उपदेश करताना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका, असे ज्यांनी सांगितले, त्यांच्याच अस्थींविषयी प्रश्न विचारणे हा अनादर ठरू नये. आळतेकरांनी स्वतः हा प्रश्न टाळला नाही; पुरावा मांडला, त्यातील दुवे दाखविले, मग अनुमान केले. त्या अनुमानाची भाषा 'असावा' अशी होती. स्तूपाच्या पायरीवरील फलकावर ती 'आहे' अशी होणे किती सोपे! नव्या वास्तूबरोबर संग्रहालयही आहे, ही समाधानाची गोष्ट. तेथे मातीचा तो मूळ लहान स्तूप, त्यावरील चार आवरणे व आळतेकरांची तर्कपद्धती यांना मानाची जागा मिळाली, तर श्रद्धा व चिकित्सा यांना एकाच आवारात राहता येईल. मूळ उत्खननाची जागाही जवळच आहे. नव्या स्तूपाच्या भव्यतेने दिपलेल्या यात्रिकाने छपराखालचे ते साधे मातीचे वर्तुळ पाहिल्याशिवाय परतू नये.

रेल्वे स्थानकाजवळचे बुद्ध स्मृती उद्यान हे पाटण्यातील सर्वांत सहज पोहोचण्याजोगे बौद्ध स्थळ. २७ मे २०१० रोजी दलाई लामा यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दोनशे फूट उंचीचा करुणा स्तूप, बुद्धगया व अनुराधपूर येथील बोधिवृक्षांची रोपे, ध्यानकेंद्र, संग्रहालय असा त्याचा विस्तार आहे. शहराच्या गजबजाटात एवढी बावीस एकर जागा मोकळी राहिली, हेच पुष्कळ. ही जागा पूर्वी बांकीपूरच्या तुरुंगाची. १९४२ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद येथेच बंदिवासात होते. तुरुंगाच्या जागी करुणेचा स्तूप उभा राहावा, यातील अर्थ सुंदर आहे; अशोकाच्या नगरीत तर तो अधिकच उठून दिसतो. स्तूपाच्या वास्तूविषयी मात्र आमचे मन द्विधा आहे. तिची उंची दुरून दिसावी म्हणून आहे. प्रदक्षिणा करणाऱ्यास जवळून हाताला लागेल असे तिच्यात थोडेच आहे. सांचीच्या तोरणावर जे कोरलेले आहे ते वाचत वाचत मनुष्य फेरी पूर्ण करतो. येथे वाचावयास काही नाही. ध्यानासाठी हे चांगलेच, असे कोणी म्हणेल. त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही.

अगमकुव्याकडे बहुतेक बौद्ध यात्रिक जात नाहीत, आणि जे जातात ते गोंधळून परततात. शंभराहून अधिक फूट खोल, वरचा भाग विटांचा व खालचा लाकडी कड्यांचा असलेला हा विहिरीसारखा कूप शीतलादेवीच्या मंदिरालगत आहे. देवी-गोवरापासून मुलाबाळांचे रक्षण व्हावे म्हणून स्त्रिया येथे पूजा करतात. जैन परंपरा याच कुव्याशी सुदर्शन मुनींची कथा जोडते. वॅडेलने चिनी प्रवाशांच्या आधारे असे ठरविले की चंडाशोकाने बांधलेला तो प्रसिद्ध नरक हाच. आम्हांस हे ओळखणे पटत नाही. अशोकावदानातील नरक हा भिंतींनी वेढलेला, बाहेरून रम्य दिसणारा बंदिवास आहे. त्याचा हा खोल कूप कसा झाला? आणि मुळात चंडाशोकाची ही कथा, धम्माने राजाला किती पालटविले हे दाखविण्यासाठी नंतरच्या काळात रंगविलेली असण्याचा संभव मोठा आहे; अशोकाचे स्वतःचे शिलालेख पश्चात्तापाचे कारण म्हणून कलिंगाचे नाव घेतात, नरकाचे नाही. तरीही पुस्तिकांतून 'येथे अशोकाने आपल्या भावांना टाकले' असे बिनदिक्कत छापले जाते. कुवा पाहावा, मौर्यकालीन जलव्यवस्थेचा संभाव्य अवशेष म्हणून पाहावा, आणि तीन परंपरा एकाच खड्ड्याभोवती कशा बसल्या याचे नवल करावे.

शेवटी एक जागा अशी, की ती कोणत्याच पत्रिकेत नाही. भिखना पहाडी. आज हे नाव पाटण्यातील स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. शिकवण्या, भाड्याच्या खोल्या, पुस्तकांची दुकाने यांनी ती वस्ती गजबजलेली असते. वॅडेलला येथे एक टेकाड आढळले आणि भिखना कुंवर या नावाने पूजिले जाणारे स्थान आढळले. अशोकाने वैराग्यशील महेंद्रासाठी नगरात दगडांची टेकडी रचवून गुहा करून दिली, असे चिनी प्रवासी सांगतात; ती हीच, असे त्याचे मत पडले. ओळख अचूक आहे की नाही, याची हमी आम्ही देणार नाही. 'भिखना' या शब्दात भिक्षू दडलेला आहे, असे मात्र आम्हांस वाटते. दुपारी आम्ही तेथे गेलो, तेव्हा टेकाड कोठे आहे हे तीन-चार जणांस विचारूनही कळले नाही. एका चहाच्या टपरीवर बसलेल्या तरुणाने उलट आम्हांसच विचारले, की पहाडी म्हणतात खरे, पण येथे पहाड आहे कोठे? त्याच्या हातात प्राचीन इतिहासाचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक होते. आम्ही त्याला फाहियानची हकीगत सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली आणि हा प्रश्न परीक्षेत येतो काय, असे विचारले.